ती अंडी फेकू नका

कोस्टा रिकातील ‘पार्के रेप्टिलँडिया’ या सरीसृप उद्यानात जानेवारी २०१८ मध्ये एका अमेरिकी मगरीने १४ अंडी घातली. मगरीने अंडी घालावीत यात नवल नाही. नवल होते ते तिच्या एकटेपणात. २००२ मध्ये, जेमतेम दोन वर्षांची असताना, तिला तिथे आणले गेले आणि तेव्हापासून १६ वर्षे ती वेगळ्या आवारात एकटीच राहिली. तिला आणले तेव्हा ती वयातही आलेली नव्हती. नराशी तिचा संबंध आला असण्याची शक्यताच नव्हती.

अशी अंडी सर्रास फेकून दिली जातात. कोंबड्याशिवाय कोंबडीने घातलेले अंडे उबत नाही हे घरोघरी ठाऊक असते, आणि तोच हिशेब सगळ्या अंड्यांना लावला जातो. या उद्यानातल्या लोकांनी मात्र अंडी तपासली. १४ पैकी सातांमध्ये जीव धरला असावा असे वाटले, म्हणून ती उबवणी यंत्रात ठेवली. तीन महिने उलटले तरी एकही फुटेना, तेव्हा ती उघडून पाहिली. सहांमध्ये ओळखू येईल असे काही नव्हते. सातव्यात पूर्ण वाढ झालेले, पण मृत असे मादी पिल्लू होते. त्याची जनुके आईच्या जनुकांशी ताडून पाहिली, तर ती ९९.९ टक्के जुळली. बापाचा कुठे मागमूस नव्हता. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे वॉरन बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नराच्या शुक्राणूविना अंड्यात गर्भ वाढणे याला मराठीत अनिषेकजनन म्हणतात. मगरींच्या कुळातला त्याचा हा पहिला नोंदलेला दाखला.

बातमी जगभर ‘कुमारी मातृत्व’ म्हणून गाजली आणि चार दिवसांत विरली. दर दोन-तीन वर्षांनी असेच होते. कुठल्या तरी प्राणिसंग्रहालयात एकटी मादी पिल्ले देते, मथळ्यांत चमत्कार अवतरतो, वाचक अचंबा करतात आणि पान उलटतात. या मथळ्यांनी खरी गोष्ट झाकली जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांत नराविना पिल्ले होणे हा चमत्कार नाही, अपघातही नाही. ती त्यांच्या शरीरात असलेली एक शक्यता आहे. कुणी तरी अंडे फेकण्याऐवजी जपले, मेलेले पिल्लू पुरण्याऐवजी प्रयोगशाळेत पाठवले, तेव्हाच ती प्रत्येक वेळी उजेडात आली. जिथे कुणी पाहिले नाही तिथे ती घडलीच नाही असे धरले गेले. भारतात हेच होत असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते थांबवण्याला फारसा खर्चही लागत नाही.

सर्वांत गाजलेले उदाहरण फ्लोराचे. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातली ही कोमोडो ड्रॅगन मादी. कोमोडो ड्रॅगन म्हणजे आपल्या घोरपडीचा इंडोनेशियातला अजस्र भाऊबंद, जगातली सर्वांत मोठी पाल-सरड्यांची जात. फ्लोराच्या वाट्याला नर कधी आलाच नव्हता. २००६ मध्ये तिने २५ अंडी घातली, त्यांतली ११ जिवंत दिसली. तीन अंडी मध्येच पिचकली आणि त्यांतूनच तपासणीसाठी गर्भाचे नमुने मिळाले. लिव्हरपूल विद्यापीठात त्यांची जनुकीय चाचणी झाली. नाताळाच्या तोंडावर ‘नेचर’मध्ये निबंध आला आणि जानेवारी २००७ मध्ये उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडू लागली. सगळी नर.

त्याच निबंधात लंडन प्राणिसंग्रहालयातल्या सुंगाई या दुसऱ्या मादीचीही हकीकत होती. नराचा सहवास सुटून दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तिने २२ अंडी घातली आणि त्यांतून चार पिल्ले निघाली. आधी वाटले, जुना शुक्राणू शरीरात टिकून राहिला असेल. चाचणीने ते खोटे ठरवले. पुढे तिला राजा नावाच्या नराच्या सहवासात ठेवले, तेव्हा तिने चारचौघींसारखी नराकडून झालेली पिल्लेही दिली. एकाच मादीच्या अंगी दोन्ही रीती होत्या. नर मिळाला तर मिळाला, नाही तर एकटीने.

सगळी पिल्ले नरच का, याचे उत्तर मोठे देखणे आहे. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरते. कोमोडो ड्रॅगनमध्ये ते आईवर ठरते. मादीकडे ‘झेड’ आणि ‘डब्ल्यू’ अशी दोन वेगवेगळी लिंग गुणसूत्रे असतात, नराकडे दोन्ही ‘झेड’. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते आणि तिच्या जोडीला इवल्याशा ध्रुवपेशी तयार होतात. एरवी त्या विरून जातात. अनिषेकजननात यांतलीच एक ध्रुवपेशी अंडपेशीत परत मिसळते आणि शुक्राणूची जागा घेते. या दोघींकडे एकच लिंग गुणसूत्र असल्याने दोन ‘झेड’ तरी एकत्र येतात, नाही तर दोन ‘डब्ल्यू’. दोन ‘डब्ल्यू’ असलेला गर्भ जगत नाही. दोन ‘झेड’ म्हणजे नर. फ्लोराच्या पिल्लांत एकही मादी का नव्हती, ते एवढ्यावरून कळते.

यावरून एक कल्पना मांडली गेली. एखादी मादी एकटीच पोहत नव्या बेटावर पोहोचली, तर ती आधी पुत्रांना जन्म देईल आणि पुढे त्यांच्यापासूनच वंश चालवील. कल्पना मोहक आहे. पण तिची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. अशा पिल्लांत प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती बहुतांशी सारख्याच असतात. आईकडे जी थोडीफार विविधता असते, तिचाही मोठा भाग पुढच्या पिढीत गळून जातो. आईच्या अंगात एखादा दोष एका प्रतीत दडून बसला असेल, तर पिल्लात तो उघडा पडतो. त्या मगरीचे पिल्लू कवचातच मेले, फ्लोराची तीन अंडी पिचकली, इतर जातींतही अशी कित्येक पिल्ले जन्मतःच मेलेली किंवा विकृत निघाली, त्यामागे हे मोठे कारण असू शकते.

कोमोडो ड्रॅगनला २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने संकटग्रस्त ठरवले. अशा प्राण्याबाबत ‘नर नसला तरी चालते’ हा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. फ्लोरावरच्या निबंधाने उलटाच इशारा दिला होता. प्राणिसंग्रहालयांत माद्या एकट्या ठेवायच्या आणि प्रजननासाठी नर इकडून तिकडे पाठवायचे या प्रथेचा फेरविचार करा, कारण एकटी मादी अशी पिल्ले देत राहिली तर पिंजऱ्यातली संख्या वाढेल, पण वंशाची विविधता आटत जाईल, असे त्याचे सांगणे होते. संख्येवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक संवर्धन प्रकल्पाने हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावे.

अजगर आणि बोआ यांची कथा याहून रंजक आहे, कारण तिथे एका जन्माने चक्क पाठ्यपुस्तक दुरुस्त केले. जवळजवळ पन्नास वर्षे जीवशास्त्रज्ञ सगळ्या सापांना कोमोडोसारखी ‘झेड-डब्ल्यू’ पद्धत लावत होते. मग एका बोआ कन्स्ट्रिक्टर मादीने नराविना पिल्ले दिली आणि ती सगळी माद्या निघाली. २०१० च्या सुमारास ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हा स्पष्टीकरण असे दिले गेले की ही पिल्ले दोन ‘डब्ल्यू’ची असावीत. इतरत्र अशी पिल्ले जगत नाहीत, इथे ती जगली, एवढेच. पण मग रेटिक्युलेटेड अजगर, रेनबो बोआ, जिकडे पाहावे तिकडे एकट्या माद्यांना मुलीच होत गेल्या. अमेरिकेतील लुइव्हिल प्राणिसंग्रहालयातल्या थेल्मा नावाच्या अजगर मादीनेही २०१२ मध्ये सहा मुलींनाच जन्म दिला. अपवाद इतके साचले की नियमावरच शंका घेणे भाग पडले. २०१७ मध्ये टोनी गँबल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बोआ आणि अजगर यांच्यात माणसासारखीच ‘एक्स-वाय’ पद्धत आहे. मादीकडे दोन्ही ‘एक्स’. तिच्या एकटीच्या पिल्लांना दुसरे काही मिळणारच नाही, म्हणून सगळ्या मुली. न जगणारी पिल्ले कशी जगली, हे कोडे मुळात कोडेच नव्हते.

या कथेत काही माद्या खासगी पाळणाऱ्यांच्या घरच्या होत्या, काही प्राणिसंग्रहालयांतल्या. कुणी तरी प्रत्येक वेळी ‘हे विचित्र आहे, कळवावे’ असे म्हटले, म्हणून ही साखळी जुळली.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरातील एका महाविद्यालयात २०२४ मध्ये असेच घडले. रोनाल्डो नावाचा ब्राझिलियन रेनबो बोआ तिथे होता. तो नर आहे, असा वर्षानुवर्षे समज होता. एके दिवशी टाकीत १४ पिल्ले वळवळताना दिसली.

इथे एक सावधगिरी हवी. एकट्या मादीला पिल्ले झाली म्हणजे ते अनिषेकजननच असे नाही. सापांच्या माद्या शुक्राणू शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात. ईस्टर्न डायमंडबॅक या अमेरिकी रॅटलस्नेकच्या एका मादीने पाच वर्षे एकटी राहिल्यानंतर १९ धडधाकट पिल्ले दिली. तिच्या पिल्लांत मात्र जनुकीय चाचणीत बापाचा वाटा स्पष्ट दिसला. एकाच घटनेची ही दोन कारणे वरून पाहून वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी पिल्लाच्या किंवा मेलेल्या गर्भाच्या शरीराचा लहानसा तुकडा आणि आईची कात किंवा रक्ताचा थेंब लागतो. तो नसेल तर सगळी चर्चा अंदाजपंचे.

हे सगळे पिंजऱ्यातल्या कोंडमाऱ्यामुळे होते, असाही आक्षेप घेतला जात असे. २०१२ मध्ये वॉरन बूथ यांच्याच गटाने तो निकालात काढला. कॉपरहेड आणि कॉटनमाउथ या दोन विषारी सापांच्या गाभण माद्या रानातून आणल्या, त्यांची पिल्ले तपासली, आणि दोन्ही जातींत नराविना झालेली पिल्ले सापडली. या माद्यांना रानात नरांची वानवा नव्हती. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डोर या गिधाडाबाबत २०२१ मध्ये असेच आढळले. दोन माद्यांनी, जननक्षम नर शेजारी असताना, नराविना एकेक पिल्लू दिले होते. नर न मिळाल्यामुळे नाइलाजाने मादी असे करते, हे सोपे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

आतापर्यंत सांगितले ते प्रसंगोपात्त घडणारे. काही जातींनी मात्र नराला कायमचीच रजा दिली आहे.

ही गोष्ट प्रथम पुढे आली आर्मेनियात. इल्या दारेव्स्की हे सोव्हिएत सरीसृपतज्ज्ञ कॉकेशस पर्वतातल्या खडकांवरचे सरडे अभ्यासत होते. काही गटांच्या नमुन्यांत त्यांना नर सापडेना. १९५८ मध्ये त्यांनी जाहीर केले की या सरड्यांत नर नाहीतच, माद्याच माद्यांना जन्म देतात. पृष्ठवंशी प्राण्यांत एखादी जात निसर्गात अशी केवळ माद्यांवर चालू शकते, हे मान्य करायला लावणारे ते काम होते. त्या सरड्यांच्या प्रजातीला आज ‘दारेव्स्किया’ असेच नाव आहे. त्यांच्या शोधामागे कुठलेही महागडे यंत्र नव्हते. साध्या सरड्यांचे नमुने गोळा करणे, प्रत्येकाचे लिंग पाहणे आणि नर नाही ही गोष्ट दुर्लक्षित न करणे, एवढीच त्यांची भांडवली गुंतवणूक.

अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या वाळवंटी गवताळ पट्ट्यात व्हिपटेल नावाचे चपळ, पट्टेरी, लांब शेपटीचे सरडे आहेत. त्यांच्याही अनेक जाती निव्वळ माद्यांच्या आहेत. त्यांतलाच एक न्यू मेक्सिको राज्याने २००३ मध्ये आपला राज्य-सरीसृप म्हणून निवडला, जसा महाराष्ट्राने शेकरू. या जाती दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून जन्मल्या. खेचर वांझ असते, तशी संकरातून झालेली संतती सहसा वांझ निघते. इथे मात्र काही संकरित माद्यांनी नराविना पिल्ले देण्याची वाट धरली आणि ती टिकली. कशी टिकली, ते कॅन्सस सिटीतील स्टोवर्स संस्थेत पीटर बाउमान यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. अंडपेशीचे विभाजन सुरू होण्याआधीच तिची गुणसूत्रे दुप्पट होतात आणि प्रत्येक गुणसूत्र आपल्याच हुबेहूब प्रतीशी जोडी जमवते. पुढे निम्मी झाली तरी आईकडची सगळी विविधता जशीच्या तशी मुलीत उतरते. फ्लोराची पिल्ले आईपेक्षा गरीब होती. व्हिपटेलच्या मुली आईइतक्याच श्रीमंत असतात. दोन्हींना एकच नाव असले तरी जगण्याच्या दृष्टीने या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत हा फरक कधीच येत नाही.

या सरड्यांचे एक वागणे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ डेव्हिड क्रूज यांनी १९८० च्या सुमारास पाहिले की एक मादी दुसरीच्या पाठीवर चढते, तिच्या शरीराभोवती वेटोळे घालते, अगदी नर जसे करतो तसे. शुक्राणूचा प्रश्नच नसतो. तरी अशी जोडीदारीण मिळालेल्या माद्या एकट्या माद्यांपेक्षा अधिक अंडी घालतात. आज जी खाली आहे ती काही दिवसांनी वर असते, हार्मोन बदलतात तशी भूमिका बदलते. नर गेला, पण नराच्या सहवासाने अंडाशयाला मिळणारी चालना शरीराला अजून हवी असते.

अशा कायमस्वरूपी माद्यांच्या सरड्या-पालींच्या जाती जगात सुमारे पन्नास. सापांत अशी पक्की माहीत असलेली जात एकच, आणि तिच्यासाठी आर्मेनिया किंवा न्यू मेक्सिकोला जावे लागत नाही. ती पुण्यातल्या गॅलरीत, कोकणातल्या परसात, विदर्भातल्या विटांच्या ढिगाखाली सापडते. तिचे नाव वाळा.

पावसाळ्यात कुंडी उपडी केली की मातीच्या गठ्ठ्यातून काळपट तपकिरी, वीतभरसुद्धा नसलेला, चपलेच्या बंदाएवढा जाड एक प्राणी सुळकन निघतो. बहुतेकांना ते गांडूळ वाटते. जरा जवळून पाहावे. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि ते ओलसर, मऊ असते. वाळ्याच्या अंगावर बारीक खवले असतात आणि ते घोटल्यासारखे चकाकतात. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. तोंड आणि शेपूट इतकी सारखी की कुठले कोणते ते कळत नाही, पण थोडा वेळ थांबले तर एका टोकाकडून इवलीशी जीभ आत-बाहेर होते. दुसऱ्या टोकाला बोथट शेपटीवर एक बारीक काटा असतो. हातात धरला तर तो काटा तेवढा टोचवतो. विष नाही. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष हे त्याचे अन्न. ज्या घराच्या चौकटीला वाळवीची भीती आहे, त्या घराने तर त्याचे आभारच मानावेत.

या सापाचे शास्त्रीय वर्णन १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने केले. पॅट्रिक रसेल या डॉक्टरने विशाखापट्टणमच्या सापाचे जे चित्र छापले होते, त्यावरून. पुढे जगभरच्या संग्रहालयांतले नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांत नर मिळेना. १९८७ मध्ये गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा उलगडा होऊ लागला. वाळ्याकडे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, १४ चे तीन, एकूण ४२. तिन्ही संच दोन समान भागांत वाटता येत नाहीत, त्यामुळे शुक्राणू आणि अंडपेशी यांचा नेहमीचा हिशेब इथे जमतच नाही. मादी अंडी घालते, अंड्यांतून मादीच निघते.

यामुळे या सापाला एक विलक्षण ताकद मिळाली. दुसऱ्या सापाला नवी जागा वसवायला नर आणि मादी दोघेही तिथे पोहोचावे लागतात. वाळ्याच्या बाबतीत मातीच्या एका गोळ्यातली एक मादी पुरते. कुंडीतल्या रोपांच्या मुळांशी बसून तो आफ्रिकेत गेला, हवाईत गेला, कॅरिबियन बेटांवर, फ्लोरिडात, ऑस्ट्रेलियात पोहोचला. आज तो पृथ्वीवर सर्वाधिक पसरलेल्या सापांपैकी एक मानला जातो. परदेशांत त्याला ‘कुंडीतला साप’ असेच म्हणतात. आपल्या मातीतल्या या प्राण्याने जगाची इतकी जमीन पादाक्रांत केली, आणि आपल्याकडे तो न्हाणीघराच्या मोरीतून वर आला की नागाचे पिल्लू समजून चपलेने ठेचला जातो. शालेय जीवशास्त्रात अलैंगिक प्रजननाच्या धड्यात यीस्टची मुकुले आणि हायड्राच्या आकृत्या असतात. त्याशेजारी वाळ्याची एक ओळ असावी, ही मागणी काही फार मोठी नाही. मुलांना हायड्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. वाळा शाळेच्या बागेत असतो.

आता प्रश्न दृष्टीचा. सापाला चमत्काराशी जोडले की त्याचे भले होत नाही, याचा ढळढळीत पुरावा महाराष्ट्रात आहे. मांडुळाची शेपटी बोथट म्हणून त्याला दुतोंड्या म्हटले गेले, मग त्याला गुप्तधनाची जोड मिळाली, आणि त्या समजापायी हा निरुपद्रवी साप आजही पोत्यांत भरून विकायला नेला जातो. पोलिसांनी मांडुळाच्या तस्करांना पकडल्याच्या बातम्या सतत येतात. उद्या एखाद्या ठिकाणी एकट्या अजगर मादीने पिल्ले दिली आणि त्याची बातमी ‘दैवी साप’ म्हणून पसरली, तर तिची काय गत होईल हे सांगायला नको. तिच्या वाट्याला फुले, नाणी, गर्दी येईल आणि नंतर कुणी तरी तिला रात्रीतून उचलून नेईल. शास्त्रीय स्पष्टीकरण इथे जीव वाचवणारे ठरते.

दुसऱ्या बाजूने, हे दाखले माणसांच्या वादांत ओढण्याचीही घाई असते. ‘निसर्गात पुरुषांची गरजच नाही’ असे विनोद अशा बातम्यांखाली हमखास सापडतात. सस्तन प्राण्यांत हा मार्ग बंद आहे. काही जनुके केवळ आईकडून आलेली असतील तरच चालतात, काही केवळ वडिलांकडून आलेली असतील तरच, आणि दोन्ही खुणा असल्याशिवाय गर्भ पुढे जात नाही. २००४ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांनी दोन आयांची, बापाविना, कागुया नावाची उंदरीण जन्माला घातली. पण त्यासाठी जनुकांत फेरफार करावे लागले आणि शेकडो अंडपेशी खर्ची पडल्या. सरड्याच्या गोष्टीचा माणसाच्या घराशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याने ना सरडा कळतो ना घर.

मग करायचे काय? प्राणिसंग्रहालयांनी आणि सर्पोद्यानांनी आपल्या दैनंदिन कामात दोन सवयी आणाव्यात. एकटी ठेवलेली मादी अंडी घालील तेव्हा ती पोकळच असणार, हे गृहीत सोडावे. अंड्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीने खूण करावी आणि ते न फिरवता उचलावे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांचे अंडे उलटे झाले तर आतला गर्भ मरू शकतो. अंधाऱ्या खोलीत त्याला टॉर्च लावावा. पोकळ अंडे आतून एकरंगी पिवळट दिसते. जीव धरलेल्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. तसे दिसले तर ते उबवावे. नाही उबले, तर गर्भ फेकू नये, अल्कोहोलमध्ये ठेवावा, सोबत आईची कात ठेवावी आणि तारीख लिहावी. एका बरणीचा आणि चार ओळींच्या नोंदीचा हा खर्च आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची ‘लाकोन्स’ ही प्रयोगशाळा वन्यप्राण्यांची जनुकीय चाचणी वर्षानुवर्षे करत आहे. नमुना असेल तर तो तपासणारे देशात आहेत. नमुनाच नसेल तर ते तरी काय करतील?

भारतीय अजगराचा अगदी जवळचा नातलग असलेल्या बर्मी अजगराच्या एका मादीने ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात नराविना गर्भ वाढवले होते, हे २००३ मध्येच प्रसिद्ध झाले. मग आपल्याकडच्या अजगरात ते होत नसेल असे मानायला काही आधार नाही. आपल्या संग्रहालयांत अजगर, घोरपडी, मगरी वर्षानुवर्षे राहतात. त्यांतल्या काही माद्या एकट्या असतात. त्या अंडी घालतात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने अशा अंड्यांची नोंद ठेवणे आणि न उबलेल्या गर्भाचे नमुने जपणे सर्व मान्यताप्राप्त संग्रहालयांना बंधनकारक करावे. राज्याच्या वन विभागाने त्याची वाट न पाहता सुरुवात केली, तर अधिकच चांगले. सर्पमित्रांनीही आपल्या नोंदवहीत वाळ्याला जागा द्यावी. विषारी सापांच्या गडबडीत तो नेहमी गाळला जातो.

आणि वाचकांनी कुंडीतली माती बदलताना वाळा दिसला तर त्याला मारू नये, त्याच्यावर मीठ किंवा रॉकेल टाकू नये. खुरप्याने हलकेच उचलून बागेतल्या ओल्या मातीत सोडावे. त्याच्यापासून माणसाला कसलाही धोका नाही.